नाव अंगणात होती त्या उन्हाळ्यात

नागपुरात नाव कशाला, हा प्रश्न मला कचेरीत, पानठेल्यावर आणि लग्नाच्या पंगतीत सारख्याच सुरात विचारला गेला. प्रश्न रास्त होता. शहराला नदी आहे, पण तिच्यात नाव घालावी एवढं पाणी मी कधी पाहिलं नाही. तलाव मात्र आहेत, आणि त्यांतला फुटाळा आमच्या घरापासून सायकलने जाण्याइतका जवळ होता. सत्तरच्या दशकातली ती वर्षं. मी सदर भागातल्या एका कचेरीत हिशेब तपासत असे. वस्तू घरात येण्याआधी तिला जागा किती लागेल ते फूटपट्टीने मोजून घ्यायचं, ही माझी सवय. ही नाव मात्र मोजायच्या आधीच दारात येऊन उभी राहिली.

ती माझ्या सासऱ्यांची. त्यांचं गाव वैनगंगेच्या एका काठाला आणि शेत दुसऱ्या काठाला. जन्मभर ते सकाळी नावेने शेतावर गेले आणि संध्याकाळी नावेने घरी आले. सासूबाई गेल्या, गुडघा धरला, शेत पुतण्याकडे पिकाच्या वाट्यावर, बटईने दिलं, आणि एकुलत्या लेकीने, म्हणजे माझ्या बायकोने, फार मागे लागून त्यांना आमच्याकडे आणलं. ते आले ते विटांच्या ट्रकमधून, नावेशेजारी बसून.

"जावईबापू," उतरताच ते म्हणाले, "हे तिथं ठेवली असती तर पुतण्यानं चुलीत घातली असती. म्हणून आणली. मी काही रायले आलो नाही. चार दिवस पाव्हना आहो."

लेकीच्या घरी राहणं त्यांच्या पिढीला जड जाई. त्यांच्या वडिलांनी म्हणे लेकीच्या गावचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं. हे स्वतः पाणी घेत, जेवतही, पण त्यांची पत्र्याची पेटी बैठकीत दाराशेजारीच राहिली. तिची कडी तुटलेली, म्हणून ती अंबाडीच्या दोरीने बांधलेली. धोतर काढायचं तर दोरी सोडायची, धोतर काढायचं, पुन्हा तीच गाठ मारायची. बायकोने कपाटातला एक खण त्यांच्यासाठी रिकामा केला होता. तो महिनोन् महिने रिकामाच राहिला. ती रोज तो पुसत असे. मला तिने एकदाच सांगितलं, "बाबांचे कपडे या खणात आले की मी समजेन, ते राहिले." त्यानंतर त्या घरातलं माझं सगळं गणित त्या एका खणाशी येऊन थांबे.

तो पहिला हिवाळा आठवला की आधी रंग आठवतो. सकाळी तलावावर पांढरं धुकं असे आणि पलीकडचं रान त्यात कुठे सुरू होतं ते कळत नसे. काठावर नाव ठेवायची परवानगी मिळाली होती. दर रविवारी आम्ही दोघं, आमच्या दोन मुली आणि मामाजी, असे जात असू. सासऱ्यांना मी मामाजीच म्हणे. ट्रकच्या टायरच्या दोन जुन्या ट्यूबा हवा भरून नावेत ठेवल्याशिवाय मी कोणालाही चढू देत नसे. पाणी उपसायला डालड्याचा रिकामा डबा सुतळीने बांधलेला. एकेक माणूस बसला की नाव किती बोटं खाली जाते, ते मी काठावर बसून पाहिलं होतं आणि नावेच्या अंगावर बाहेरून एक पांढरी रेघ ओढली होती. रेघ पाण्याखाली गेली की एकाने उतरायचं, असा नियम केला.

"कोणी उतरायचं?" बायकोने विचारलं.

"जो शेवटी चढला त्याने."

"म्हणजे मीच. तुम्हा सगळ्यांचे डबे भरून, घराला कुलूप लावून शेवटी येते ती मीच ना?"

मामाजी हसले. हसताना त्यांचे खांदे तेवढे हलत, आवाज येत नसे. वल्ही त्यांच्याच हातात असत. नावेत उभं राहायचं नाही, जागा बदलायची तर बुड टेकवत सरकायचं, आणि तलावाच्या पाळीवरची झाडं हलू लागली की काठ गाठायचा, हे त्यांचे नियम. ते माझ्या रेघेपेक्षा जुने होते आणि मुली ते निमूट पाळत. मधोमध गेलं की ते वल्ही आत घेत. संत्र्याच्या साली पाण्यावर तरंगत, आणि बऱ्याच वेळाने पाहिलं तरी त्या आमच्या शेजारीच असत.

"नदीवर हात थांबला की नाव जाते," मामाजी एकदा म्हणाले. "इथं काहीच कोठी नेत नाही. काय पाणी आहे वं हे, बाई?"

बायको पाण्यात हात सोडून बसली होती. हे ऐकून तिने तो बाहेर काढला.

होळीनंतर तलाव मागे सरू लागला. काठाला चिखल उघडा पडला आणि नाव त्यात कलती झाली. उन्हात लाकूड तडकेल म्हणून मामाजींनीच ती घरी आणायला लावली. बैलगाडीवरून ती आमच्या अंगणात आली, कडुनिंबाखाली विटांवर उपडी बसली. मी तिला सावलीसाठी वर बांबूचे तट्टे बांधले. आतून-बाहेरून रंगाचे दोन हात दिले. पापड, कुरड्या, मिरची, गहू, सगळं कोरडं करून ठेवण्याचे ते दिवस. नावही तशीच कोरडी, झाकलेली, नीट ठेवली, म्हणून सगळ्यांना समाधान होतं. मामाजींनाही. त्यांची नाव आयुष्यात कधी पाण्याबाहेर राहिलीच नव्हती. नदी आटली तरी डोहात ती असायचीच. कोरडी पडलेली नाव कशी असते, हे त्यांनीही पाहिलेलं नव्हतं.

मे महिना तसा गेला. दुपारी खिडकीला कूलर घरघरत असे, वाळ्याचा वास घरभर पसरे आणि आम्ही सगळे फरशीवर आडवे होत असू. अर्धवट झोपेत थेंबांचा आवाज ऐकताना मला वाटे, घरच कुठल्या तरी तलावावर हळूहळू वळतं आहे. बाहेर लू वाहत असे आणि रस्ते रिकामे असत.

मृग जवळ आला तसे आम्ही तट्टे काढले आणि शेजाऱ्यांच्या मदतीने नाव सुलटी केली. मामाजी वाकून आत पाहत होते. मग ते तिच्या पलीकडे गेले आणि मला म्हणाले, "जावईबापू, इकडून पाहा."

फळ्यांच्या मधून उजेड येत होता. एका जागी नाही, तळाला जवळजवळ प्रत्येक सांध्यात. माझा चकाकता रंग सांध्यांवर फाटून उभा राहिला होता. मी फूटपट्टीची कड एका फटीत घालून पाहिली. ती सहज आत गेली.

मामाजी पायरीवर बसले. "सुकली," ते म्हणाले. "पाण्यातलं लाकूड पाण्याबाहेर ठेवलं, दुसरं काय होईन?" त्यांनी हे नावेकडे पाहून म्हटलं. पण बायको दारात उभी होती, आणि तिला ते दुसऱ्याच कशाबद्दल ऐकू आलं असावं.

संध्याकाळी त्यांनी पेटी आवरली. वाळत घातलेलं धोतर घडी करून आत ठेवलं आणि दोरीला एक गाठ जास्त मारली.

"बाबा, कुठं?"

"पेरणीचे दिवस आहे वं. पुतण्याले पाहून येतो."

"गुडघा घेऊन पेरणी करता का? अन् तिथं आहे कोण तुमचं? ओसरीवर पडून राहाल, कोणी पाणी विचारणार नाही."

"ओसरी माही आहे ना पण."

ती तडक मागे न्हाणीघरात गेली आणि आतून दार ओढून घेतलं. आम्हाला वाटलं, रडते आहे. पण आतून दार उघडून लावण्याचा आवाज येऊ लागला. उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. मग ती पदर खोचून बाहेर आली.

"अहो, हे दार पावसाळ्यात लागतं का?"

"नाही. फुगतं. दरवर्षी रंधा मारून घ्यावा लागतो."

"आणि आत्ता कसं लागलं? फट पडून लागलं. मग नावेचं लाकूड का दुसरं आहे? तिला पाणी पाजा ना."

मामाजींनी मान वर केली. मग ते म्हणाले, "पाजून पाहा लागते."

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला तेव्हा आधी घरचं पाणी भरलं, आणि उरलेल्या वेळात रबरी पाइप नावेत सोडला. पाणी वरून जितकं गेलं तितकंच खालून आलं. अंगण भिजलं, तुळशीखाली तळं झालं. शेजारचे काका, गांधीबागेत कापडाच्या दुकानात असत ते, कुंपणाला टेकून दात घासत होते.

"काहून गा भाऊ," ते म्हणाले, "लोक नाव पाण्यात टाकतात, तुम्ही पाणी नावेत टाकून राहिले! तलाव भरला नाही म्हणून काय?"

"तलावच घरी आणून राहिलो, काका."

"मंग आमच्या इकडूनही एक लहर जाऊ द्या. लय गरम होऊन राहिलं."

मला मात्र हसू येत नव्हतं. मी मनात बादल्यांचा हिशेब करत होतो. नळ येई तेवढ्या वेळात नाव भरणं शक्य नव्हतं. मग पाणी भरण्याचा हट्ट सोडला आणि गोणपाटं आणली. भिजवून तळाला आतून पसरली, बाहेरून बाजूंना लावली. कपडे खंगाळलेलं, तांदूळ धुतलेलं, कूलरमधून गळलेलं, सगळं पाणी तिकडे जाऊ लागलं. दुपारी मुली डालड्याच्या डब्याने गोणपाटांवर पाणी शिंपत. मामाजी पायरीवर बसून पाहत. त्यांच्या पेटीला ती जास्तीची गाठ तशीच होती, पण "उद्या जातो" हे ते आता रोज संध्याकाळी म्हणत आणि सकाळी विसरत. सकाळी आधी नाव पाहायची असे.

एकदा त्यांनी पुतण्याचा बोलावण्याचा निरोप आला असताना मला हळूच विचारलं, "फट भरली का हो?" मी फूटपट्टी लावली. कड जात नव्हती.

त्यानंतर एका सकाळी नावेत सोडलेलं पाणी राहिलं. पुरतं नाही, पण राहिलं. दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर बाहेर पांढरं ऊन होतं, आणि त्या उन्हात आमच्या अंगणाच्या मधोमध आकाशाचा एक लांबट तुकडा पडून होता. कडुनिंबाच्या पिवळ्या निंबोळ्या त्यात तरंगत होत्या. साळुंक्या काठावर बसून पाणी पीत होत्या. सुरुवातीला दोघी, मग कितीतरी. मी मोजल्या नाहीत. मामाजी माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. आम्ही दोघंही बराच वेळ तसेच उभे होतो आणि कूलर घरघरत होता.

लाकूड पुरतं फुगल्यावरच राहिलेल्या बारीक भेगा भरायच्या, हे मामाजींनी ठरवलं. कोरडी असताना ठासून भरलं असतं तर फुगताना फळ्यांनी एकमेकींना रेटून खिळे उपटले असते. घरच्या कापसाची बारीक वळी करून, तेलात उकळलेल्या राळेत बुडवून ती बोथट छिन्नीने बसवायची. ते सांगत आणि मी बसवे. माझा रंग खरवडून काढला. नुसतं डांबर लावलं. पांढरी रेघ मात्र पुन्हा ओढली.

तलाव श्रावणात भरला. रविवारी सकाळी आम्ही नाव पाण्यात ढकलली आणि काठावरच धरून उभे राहिलो. तळात जरासा ओलावा आला, बोटाला लागण्याइतका, आणि थांबला. मामाजी वाकून त्या ओल्या जागेवर हात ठेवून होते.

चढण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे एकेक वस्तू पाहिली. ट्यूबा, डबा, वल्ह्यांच्या खुंट्या. शेवटी नाव बांधायची दोरी. ती उन्हाळाभर तट्ट्यांवर पडून होती. मी ती दोन हातांनी ताणली आणि ती मधूनच तुटली, सुक्या काडीसारखी.

"आज जायचं नाही," मी म्हणालो. "दोरीशिवाय नाव सोडणार नाही. वारा आला आणि काठाला लागलो तर बांधायची कशाने?"

मुली रडकुंडीला आल्या. बायको म्हणाली, "अहो, एवढं सगळं करून?" पण मी हललो नाही. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. वारा नव्हता. धुक्यासारखा बारीक पाऊस दूरच्या रानावर उभा होता.

"सायकलवर घरी घेऊन चाला मले," ते म्हणाले. "दोरी आहे."

बायको आणि मुली नावेपाशी थांबल्या; कॅरियरवर बसून ते माझ्यासोबत घरी आले. मी दाराशी सायकल धरून उभा होतो. आत ते पेटीसमोर बसले आणि त्यांनी ती गाठ सोडायला घेतली. जास्तीची गाठ पावसाळी दमट हवेने आवळली होती. त्यांनी ती दातांनी सैल केली. दोरी निघाली तसं पेटीचं झाकण आपोआप वर आलं आणि तसंच राहिलं.

"आता हे बंद होत नाही," ते म्हणाले. "कपडे कुठं ठेवू?"

मी दारातूनच कपाट दाखवलं. पुसलेला खण उघडा होता. त्यांनी दोन धोतरं, तीन बंड्या आणि शाल त्यात एकावर एक नीट रचली. मग दोरी खांद्यावर टाकून बाहेर आले.

तलावावर मी ती दोरी ताणून पाहिली. जोर लावून ताणली. टिकली. आम्ही सगळे चढलो, रेघ पाण्यावर एक बोट राहिली. मधोमध गेल्यावर मामाजींनी वल्ही आत घेतली आणि ते पाण्याकडे पाहत राहिले.

"इथं थांबलं तरी चालते," शेवटी ते म्हणाले.

बायकोला खणाचं अजून माहीत नव्हतं. दोरी मात्र तिने ओळखली होती. ती पुढे बसून दोरीचं टोक बोटांना गुंडाळत होती आणि सोडत होती. तिचा दुसरा हात पाण्यात होता.