तीन ठिकाणी आलेले क्रियापद

नांदेडला रेल्वे वसाहतीच्या मागे, पत्र्याच्या छताखाली, एक बायबल वर्ग भरतो. तिथे राजशेखर ग्रीक शिकवतो आणि शिकवताना चिडतो. त्या सकाळी फळ्यावर त्याने एकच क्रियापद लिहिले होते. डियाबाइनो. पार जाणे, ओलांडणे. अर्थ सांगून होतो न होतो तोच पुढच्या बाकावरची दीपमाला भक्तिभावाने म्हणाली, म्हणजे देवाघरी जाणे. राजशेखरने खडू टेबलावर आपटला.

मेल्यावरच ओलांडायचे असे तुम्हाला कुणी सांगितले, असे त्याने वर्गाला विचारले. हा शब्द पायांचा आहे. ‘आरपार’ आणि ‘पाऊल टाकणे’ हे दोन तुकडे जोडून तो झाला आहे. नव्या करारात तो तीनच ठिकाणी येतो. लूकमध्ये आगीत तळमळणाऱ्या श्रीमंताला अब्राहाम सांगतो, मध्ये मोठी दरी आहे, इकडून तिकडे कुणाला ओलांडता येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत मासेदोनियाचा एक माणूस दृष्टान्तात पौलाला विनवतो, पार ये, आम्हाला मदत कर. आणि इब्री लोकांस पत्रात इस्राएल लोक तांबडा समुद्र कोरड्या जमिनीसारखा ओलांडतात, मागून आलेले मिसरी बुडतात. जे बुडाले त्यांना हा शब्द मिळालेला नाही. लूकमधला श्रीमंत तर आधीच मेलेला आहे, तरी त्याला पार जाता येत नाही. तेव्हा मरण्याला पार जाणे म्हणू नका. मरणे म्हणजे मरणे.

त्यानंतर थोड्याच वेळात उदगीरहून थोरल्या बहिणीचा, शिवकन्याअक्काचा, फोन आला. अव्वा पहाटे गेली, दुपारी माती आहे.

कॉलेजात असताना राजशेखरचा बाप्तिस्मा झाला. तेव्हापासून थोरला भाऊ सिद्धलिंग, मोंढ्यातला अडत्या, याने त्याला घराची पायरी चढू दिली नव्हती. आई लक्ष्मम्मा, त्याची अव्वा, त्याला भेटायची ती बसस्थानकावर, शेंगापोळ्यांचा डबा घेऊन. का गेलास असे तिने कधी विचारले नाही.

त्याच्या घरच्या लिंगायत रीतीत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि बसलेलेच मातीत ठेवतात. खड्ड्याच्या एका बाजूला आत कोनाडा कोरलेला असतो. मुले खाली उतरून आईला त्यात बसवतात. राजशेखरला तेवढेच हवे होते. खाली उतरायचे, आईला आपल्या हातांनी बसवायचे.

चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याला फाटकात गाठले. आधी सांत्वन केले. मग म्हणाले की लांबून दर्शन घ्या, पण त्या विधीत हात घालू नका. शिकवणाराच खड्ड्यात उतरला तर कच्च्या विश्वासाच्या लोकांनी काय समजायचे? मग वर्ग दुसऱ्याकडे द्यावा लागेल. आणि शेवटी त्यांनी लूकचेच वचन काढले. मध्ये दरी आहे, ती देवाने ठेवली आहे.

“दारात पडलेल्या भिकाऱ्याकडं त्या श्रीमंतानं बघितलं न्हाई, म्हणून ती दरी त्याच्या वाट्याला आली, पाळकसाहेब,” राजशेखर म्हणाला. “तुम्ही मला तेच करायला सांगताय.”

बसमध्ये त्याला उत्पत्तीचे जुने ग्रीक भाषांतर आठवत होते. तिथेही हेच क्रियापद आहे. हातात नुसती काठी घेऊन मी ही यार्देन ओलांडली होती, असे याकोब म्हणतो. पण तो हे म्हणतो ते भावाच्या भीतीने देवाला हाका मारताना. राजशेखरला भीती वाटत नव्हती. त्याला राग आला होता. पाळकसाहेबांचा, जळकोटनंतरच्या खडबडीत रस्त्याचा, सिद्धलिंगचा. सगळ्यात जास्त अव्वाचा. तिने आजारपण कळवले नव्हते.

तो थेट रुद्रभूमीत, लिंगायतांच्या दफनभूमीत, पोचला. लक्ष्मम्मा फुलांच्या मखरात बसलेली होती, मान कापडाने मागे बांधलेली. खड्डा तयार होता. वीरण्णास्वामी हे घरचे जंगम, विधी करणारे पुरोहित. हयातभर गळ्यात असलेले इष्टलिंग मृताच्या डाव्या तळहातावर ठेवायचे म्हणून त्यांनी तिच्या गळ्यातली चांदीची डबी उघडली, आणि थबकले. डबीत दोन लिंगे होती.

“दुसरं शेखरचं हाय,” शिवकन्याअक्का म्हणाली. “बाप्तिस्मा घेताना त्यानं काढून हातात दिलं, तवापासून अव्वा ते अंगावर वागवत व्हती.”

जिवंत माणसाचे लिंग मातीत देता येत नाही, असे स्वामी म्हणाले. राजशेखरने ते गळ्यात घालावे, मग त्याला उतरायला कुणाची हरकत नाही. सिद्धलिंगने लिंग त्याच्यापुढे धरले. चेहऱ्यावर जिंकल्याची खूण होती.

“घाल. मग उतर.”

घालणे अवघड नव्हते. उद्या काढता आले असते. ते इतके सोपे होते याचीच राजशेखरला चीड आली. असल्या वरवरच्या दिखाव्यासाठीच दोन्हीकडची माणसे त्याला इतकी वर्षे छळत होती.

“न्हाई घालत,” तो म्हणाला. “अण्णा, धाकटा मेला म्हणून तू साऱ्या मोंढ्याला सांगत फिरलास ना? मग मेलेल्याचं लिंग अव्वासंगं मातीत जाऊ दे.”

माणसे एकमेकांकडे बघू लागली.

“स्वामी, अव्वाला उन्हात किती येळ बसवून ठेवता?” अक्काने विचारले.

स्वामींनी सिद्धलिंगच्या हातातले लिंग परत घेऊन दोन्ही एकत्र केली. सिद्धलिंग खड्ड्यात उतरला. चुलतभावांनी वरून लक्ष्मम्माला सोडले, त्याने तिला कोनाड्यात बसवले, स्वामींनी दिलेली लिंगे तळहातावर ठेवली. पण ताठरलेली बोटे मिटेनात. एका हाताने आईची पाठ सावरावी तर लिंगे मांडीवर घरंगळत होती. ती उचलावीत तर आई पुढे झुकत होती. शेवटी त्याने वर पाहिले.

“बघतोस काय?” तो धाकट्याला म्हणाला. “मेलेल्याला कोण अडवतंय? उतर.”

राजशेखर मातीवरून घसरत खाली गेला, कोपर सोलले. आईची मूठ त्याने दोन्ही हातांनी बंद करून धरली. कोनाड्यापुढे दोन माणसांपुरतीही जागा नव्हती. दोघांची डोकी एकमेकांना घासत होती.

“माझ्या घरात राहून तिनं ह्या दुसऱ्या लिंगाचं मला कळू दिलं न्हाई,” सिद्धलिंग पुटपुटला.

“मलाबी न्हाई,” राजशेखर म्हणाला.

दोघांचाही आवाज चिडलेला होता. वरून बेलाची पाने आली, मग भस्म पडू लागले. मूठ झाकली, खांदे झाकले. भस्माने दोघे पांढरे झाले, खोकू लागले. आता वर या, असे लोक म्हणत होते. आधी तू निघ, यावर दोघे भाऊ खड्ड्यात अडून बसले.