जावईबापूंच्या अंगणातलं संत्रं

भिलईच्या हवेत संत्रं धड होत नाही, हे भिलईतल्या प्रत्येक माळ्याला माहीत आहे. मलाही बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं. पण आम्ही मूळचे नागपूरकडचे! संत्र्याच्या बाबतीत आम्ही दुसऱ्याचं ऐकून घेत नसतो. खरं तर आमच्या घराण्याचा संत्र्याशी संबंध सोलण्यापुरताच. आजोबा रेल्वेत, बाबा रेल्वेत, आणि मी स्टील प्लांटमध्ये क्रेनची देखभाल करतो. पण इथे शेजारच्या दुर्ग स्टेशनावर उतरलं की नागपूरचा कुठलाही माणूस आपोआप बागाईतदार होतो, तसा मीही झालो.

खरे बागाईतदार म्हणजे माझे सासरे. काटोलकडचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्या घरी राहायला म्हणून ते कधी आले नाहीत. लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असं मानणारा जुना माणूस. सकाळच्या गाडीनं यायचे, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. माझी बायको सुनंदा दर वेळी ‘आठ दिवस तरी राहा न बाबा’ म्हणून मागे लागायची, आणि ते गेले की स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

एकदा काटोलला जेवताना मी त्यांना संत्र्याची लागवड कशी करावी ते समजावून सांगत होतो (हो, त्यांनाच). त्यांनी शांतपणे हात धुतले, नर्सरीतून एक कलम आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“न्या हे जावईबापू. तुमच्या अंगनात याले फळ लागलं, का मी राहाले येतो.”

पंगतीतले सगळे हसले. सुनंदा तेवढी हसली नाही. भिलईपर्यंत तिनं ते कलम मांडीवर धरून आणलं.

स्मृती नगरातल्या आमच्या घरापुढे मी ते लावलं. पहिलं वर्ष त्यानं नुसतं उभं राहून काढलं. पुढच्या मे महिन्यात मी जाहीर केलं की आता झाडाला ताण द्यायचा. म्हणजे पाणी तोडायचं. उपाशी ठेवलं की झाड घाबरतं आणि पावसाळ्यात फुलतं, असं शास्त्र आहे. (हे शास्त्र मोठ्या झाडाचं आहे, आमचं माझ्या गुडघ्याएवढं होतं, एवढाच काय तो फरक.) घरात सक्त ताकीद दिली, कोणी थेंबभर पाणी घालायचं नाही.

माझ्या आईला ते बघवेना. ‘मुकं लेकरू ते’ म्हणून ती डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी गुपचूप त्याच्या बुडाशी ओतू लागली. सुनंदानं कूलरची गळती नळी तिकडे वळवून ठेवली. शेजारच्या साहूजींना वाटलं, मराठी लोक झाडाचा छळ करून राहिलेत, म्हणून ते त्यांच्या तगरीला पाणी देताना भिंतीवरून पाइप आमच्याकडेही फिरवायचे. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही! बाहेर लू, माती वाळून ढेकूळ व्हायला हवी होती, आणि झाडाखाली मात्र चिखल. मी बोट घालून पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, ही खोलवरची ओल आहे, ताण उत्तम बसलाय.

जुलै उजाडला. दोरीवरचा टॉवेल वाळेना, भिंतींना घाम आला, आणि झाडाच्या खोडातून डिंक वाहू लागला. वरचा शेंडा वाळला. पण आठवडाभरात अगदी बुडातून तरतरीत फोक फुटले, चांगले बोटाएवढे काटे असलेले. मी कात्री घेतली, वरचा वाळका भाग छाटून फेकला आणि त्या फोकांना खत दिलं. सुनंदा चहा घेऊन आली होती. तिनं काटे पाहिले, फेकलेला शेंडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि कप ठेवून आत निघून गेली. मला वाटलं, कौतुकानं शब्द फुटत नसेल.

दोन पावसाळ्यांत झाड माझ्या डोक्यावर गेलं. गणपतीत मंडळाच्या मंडपात मी ‘ताण’ या विषयावर बोललो. लोक झाड बघायला घरी आले. काट्यांबद्दल विचारलं तर मी म्हणायचो, अस्सल नागपुरी जात आहे, रक्षणासाठी असतात. पुढे फुलं आली, फळं धरली. ती खडबडीत आणि पिवळी झाली तेव्हा मी त्यांना निर्यातीची जात ठरवलं आणि सासऱ्यांना फोन लावला.

त्यांनी एवढंच विचारलं, काटे आहेत का? मी अभिमानानं सांगितलं, भरपूर. मग म्हणाले, येतो.

या वेळी ते बॅग घेऊन आले. साहूजी आणि मंडळातले चार जण हजर होते. मीच बोलावले होते. मी स्वतः फळ तोडलं, सोललं आणि मोठी फोड माझ्याच तोंडात टाकली. कानातून वाफ निघाली! डोळे मिटले ते उघडेनात.

“हे जंबेरी आहे जावईबापू,” सासरे म्हणाले. “आंबट लिंबू. याच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधतेत. तुम्ही संत्रं कापून फेकलं न् खुंट वाढवला.” मग सुनंदाकडे वळले. “तुले तं पायल्याबरोबर समजलं असन?”

“समजलं होतं बाबा.” सुनंदा म्हणाली. “पन सांगतलं असतं तं तुम्ही आले असते का?”

म्हाताऱ्यानं खाली पाहून टोपी नीट केली.

“मले बी फोनवरच समजलं होतं,” ते म्हणाले. “मले बी बहाना पायजे होता, पोरी. जा, सरबत कर याचं.”

आणि आमच्या घरचं सरबत ते दोन ग्लास प्याले. सुनंदा दाराआड उभी राहून रडली, पण ते रडणं वेगळं होतं. माझंही नाक भरून आलं होतं, त्याचं श्रेय मी लिंबाला दिलं. साहूजींनी मग हळूच सांगितलं की मंडळात सगळ्यांनाच ते लिंबू आहे हे माहीत होतं, पण मी इतकं छान बोलत होतो की मधे तोंड घालणं कोणाला बरं वाटलं नाही.

आठ दिवसांसाठी आलेले सासरे महिनाभर राहिले. आता सुनंदानं अंगणात आंब्याचं कलम लावलंय आणि याला फळ लागलं की बाबांनी पुन्हा यायचं, असं त्यांच्याकडून कबूलही करून घेतलंय. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं मला मोकळीक दिली आहे, “याचं बी तुमाले जसं वाटते तसं करा, मी मधात बोलत नाही.”