परीक्षेनंतरचा नवस

रिद्धपूरपासून दोन कोसांवर खुशालरावांचं घर, आणि त्या घरात नवस हा शब्द नव्हता. घर महानुभावांचं. एका परमेश्वराला मानायचं, देवी-देवतांपुढे हात जोडायचे नाहीत, आणि परमेश्वरापाशीही नोकरी-चाकरी असलं काही मागायचं नाही. तीन पिढ्या हे असंच चालत आलं होतं, काळ्या मातीत तूर उभी राहावी तसं, सरळ.

म्हणून थोरल्या आचलला शिक्षिकेची ऑर्डर आली, तेव्हा खुशालराव ओसरीवर ताठ होऊन बसले. शेजारचे बुधाजी म्हणाले, "पेढ्यावर भागत नाही खुशालराव, पोरगी सरकारी मास्तरीन झाली!"

"खा ना, किती खातं ते. पन एक सांगतो, ना कोनाच्या पाया पडलो, ना कोन्या देवीले नारळ बोललो. पोरगी निस्त्या अभ्यासावर लागली."

दाराआड पेढ्यांचं ताट घेऊन उभी असलेली आचल तिथंच थबकली. नारळ बोलला गेला होता. तिनंच बोलला होता.

सात वर्षं ती नोकरी शोधत होती. डी.एड. झालं, टीईटी निघाली, आणि भरतीच होईना. तालुक्याच्या कॉन्व्हेंटात लहान लेकरांची नाकं पुसण्यात दोन वर्षं गेली. मग अकोल्याला, जठारपेठेत, ज्योत्स्ना नावाच्या मैत्रिणीसोबत खोली करून अभ्यास. पुस्तकांची पानं मऊ पडली, वय एकोणतिसावर गेलं. भरतीची परीक्षा देऊन ती आली, तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. त्याच सुमारास ज्योत्स्नानं तिला आपल्या गावी नेलं, गावदेवीपुढे उभं केलं आणि म्हटलं, "बोल वं काही. बोलाले काय जाते?"

आचलच्या तोंडून निघून गेलं, "नोकरी लागली तर नारळ फोडीन, ओटी भरीन."

लागली. शाळाही अशी मिळाली की ज्योत्स्नाच्या गावावरूनच वाट. देवी जणू रस्त्यात वाट पाहत उभी.

भीती वेगळीच होती. लहानपणी खुशालरावांनीच तिला शिकवलं होतं, की देवता देत नाहीत असं नाही. देतात, पण त्यांचं दिलेलं सरतं. ऑर्डरचा कागद हातात घेतला की आचलला वाटे, हाही सरणारा.

जुलैत बापलेक रुजू व्हायला निघाले. अमरावतीहून सुटलेली एसटी मूर्तिजापूरच्या पुढे आली. दोन्हीकडे वीत-वीत कपाशी, आभाळ उघडलेलं. आता आणखी तासाभरात ते गाव येणार होतं. आचलनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि बोलून टाकलं.

"बाबा, मी नवस बोलली होती. नोकरीसाठी. देवीले."

खुशालरावांनी खिडकीतून मान वळवली नाही.

"कवा?"

"परीक्षेच्या आठव्या दिवशी."

"आंधीच्या का नंतरच्या?"

"नंतरच्या."

"परीक्षा तं कंप्युटरवर होती म्हने तुमची. बटन दाबलं का झालं?"

"हो."

"मांगून बदलवता येत नाही?"

"नाही येत."

"मंग वं! देवी काय कंप्युटरात शिरली होती तुह्ये उत्तरं सुदरवाले? जे होतं ते तुनं आठ दिवस आंधीच करून ठेवलं. तिच्या नावावर कावून टाकतं?"

पुढच्या सीटवरची बाई मागं वळून खुदकन हसली. आचलच्या छातीवरचा पाटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. तिनं कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

"मंग ओटी नको भरू?"

"भर ना. शब्द गेला न तोंडातून? आपल्यात नवस नाही, पन शब्द फिरवनंही नाही. फेड, मोकळी हो. मंग रिद्धपूरले महंतबाबाले सांग, ते देतीन ते प्रायश्चित्त घे."

"अन् बुधाजीकाकाले?"

"त्याले मी सांगतो. पोरीनं एक नारळ बोलला होता म्हनतो. मी बी लयच फुगलो होतो."

देवळाच्या पायरीशी खुशालराव थांबले. आचलची फाईल काखेत धरून बाभळीखाली बसले. आत देवीच्या म्हाताऱ्या पुजारणीनं, जाईबाईनं, नारळ फोडला, ओटी घेतली आणि विचारलं, "बाबाले आत बोलाव ना, माय. पाय दुखतेत का त्याइचे?"

"नाही मावशी. आमी महानुभाव आहो. ते येत नाहीत."

"असं होय." जाईबाईनं बाबासाठी प्रसाद द्यायला पुढं केलेला हात मागं घेतला, तांब्याभर पाणी भरलं आणि स्वतः बाहेर नेऊन दिलं. खुशालराव घटघटा प्याले, उठून उभे राहिले आणि आपसात महानुभाव करतात तसा दोन्ही हात जोडून नमस्कार केला, "दंडवत, बाई."

तिथून शाळा दीड कोस. बापलेक पायीच निघाले. इतकी वर्षं गिळून ठेवलेलं सगळं आचलच्या तोंडून वाहू लागलं: कॉन्व्हेंटची लेकरं, जठारपेठेतली खोली, परीक्षेत अडलेलं गणित, पहिलीला पहिल्या दिवशी काय शिकवायचं ते. ती पुढं पुढं चालत होती आणि बोलत होती. शाळेचे पत्रे दिसू लागले तरी थांबेना.

मागून खुशालराव म्हणाले, "दम घे वं बाई. वर्गात बोलाले ठेव काही."