कपाटातली घरघंटी

स्क्रॅच कूपनात पैसे घालावेत का, असं मला कोणी विचारलं तर मी आधी विचारतो, "तुम्ही कमिटीत आहात का?" नसाल तर खुशाल घाला. फार तर पन्नास रुपयांत साबणाची डबी मिळेल. कमिटीत असाल तर मात्र त्या कूपनाला हातही लावू नका. मी लावला, आणि आजतागायत दळण घेऊन लिफ्टमध्ये शिरताना मला चोरासारखं वाटतं.

तसा मी जन्मजात न जिंकणारा माणूस. खोपटला डेपोसमोर एका टपरीवर मी कित्येक महिने लॉटरीची तिकिटं घेतलेली. नंबर लागला नाहीच, पण टपरीवाला मला बघितल्यावर इतरांना सांगायचा, "हे साहेब घेतात त्याच्या शेजारचं घ्या, ते लागतं." बायकोचं मत तेव्हापासून पक्कं आहे. तिच्या मते माझा हात देण्यासाठी आहे, घेण्यासाठी नाही.

तर आमची सोसायटी माजिवड्याला. चार विंग, दोन बंद पडणाऱ्या लिफ्ट आणि एक माघी गणपती. गणपतीच्या खर्चासाठी दरवर्षी लकी ड्रॉ असायचा. त्या वर्षी पहिलं बक्षीस, म्हणजे मिक्सर, खजिनदारांच्या साडूंना लागलं. साडू राहायला खडवलीला. आमच्या सोसायटीत ते फक्त चिठ्ठी घालायला आणि मिक्सर न्यायला आलेले.

वार्षिक सभेत मी उठलो. मला उठायचं नव्हतं, पण समोसे यायला उशीर होता. म्हटलं, "इथली बक्षिसं फिरून फिरून घरातच जातात!" टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून मी आणखी दोन वाक्यं बोललो, त्यांनाही टाळ्या पडल्या. समोसे येईपर्यंत मी खजिनदार झालेलो. जुने खजिनदार, ए विंगमधले काका, समोसा न खाता निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "बघू की आता."

त्या 'बघू की'मुळे मी चिठ्ठ्या बंद करून स्क्रॅच कूपनं आणली. कल्याणच्या एका छापखान्यातून, सीलबंद. कुठल्या चंदेरी पट्टीखाली काय आहे हे आम्हालाही ठाऊक नाही, म्हणजे संशयाला जागाच नको. वर मी जाहीर केलं, "माझ्या घरातलं कोणीही कूपन घेणार नाही." पुन्हा टाळ्या.

आता पहिलं बक्षीस ठरलं घरघंटी. हे कमिटीतल्या बायकांनी ठरवलं. आणि घरघंटी ही माझ्या बायकोची लग्नापासूनची मागणी. गिरणीत आपल्या ज्वारीत दुसऱ्याचा गहू येतो, यावर ती अर्धा तास बोलू शकते. सोसायटीच्या ऑफिसात टेबलक्लॉथ घालून घरघंटी ठेवली, तेव्हा ती कापड उचलून बघून आली. घरी येऊन म्हणाली, "चांगली आहे." बस, एवढंच. भांडी मात्र त्या दिवशी फार आवाज करत होती.

कूपनं सुरुवातीला खपली, मग अडली. कारण जो तो खरवडायचा आणि चहाची गाळणी घेऊन जायचा. गाळणी, साबणाची डबी, स्टीलची वाटी, नाहीतर 'पुन्हा प्रयत्न करा'. डी विंगच्या एका आजोबांकडे तीन गाळण्या झाल्या. मला जिन्यात गाठून म्हणाले, "चहा डॉक्टरांनी बंद केलाय हो माझा."

कमिटीत मी छातीठोकपणे सांगितलेलं की सगळी कूपनं खपवतो. आता कूपनांचा एक गठ्ठा उरतोय म्हटल्यावर कमिटीत अजून बसणारे काका हसणार हे नक्की. तेव्हा मी एक शहाणपणा केला. स्वतःच्या खिशातून पैसे भरले, गठ्ठा घरी आणला आणि सांगून टाकलं, "डी विंगने उचलली गठ्ठाभर!" गठ्ठा कपाटात, स्वेटरच्या खाली. ठाण्यात स्वेटरखालची वस्तू कोणाला सापडत नाही. खरवडायचा प्रश्नच नव्हता. मला काय गाळण्यांची हौस?

गंमत पुढेच आहे. त्या गठ्ठ्याशिवाय विक्रीची थोडीच सुटी कूपनं राहिली आणि लोकांच्या लक्षात आलं की घरघंटी अजून निघालेली नाही. आधी ज्यांनी माझ्या तोंडावर दार लावलेलं, ते माझी बेल वाजवू लागले. बी विंगमधला एक इंजिनिअर वहीच्या कागदावर गणित मांडून आला. "साहेब, आता एकेक कूपन म्हणजे सोनं आहे. पहिल्या दिवशी घेणारे वेडे." दोन दिवसांत उरलेली सगळी कूपनं संपली.

घरघंटी निघाली नाही.

मी हॉलमध्ये बसून तेच गणित केलं. सगळी खपली, सगळी खरवडली, आणि तरी निघाली नाही. तर मग ती आहे कुठे?

"अहो," बेडरूममधून हाक आली. बायको थंडी नसताना स्वेटर बाहेर काढून उभी. "हे काय आहे?"

"कूपनं."

"खरवडलेली नाहीत."

"नाहीत."

"म्हणजे माझी घरघंटी तुमच्या स्वेटरखाली आहे?"

तिच्या हातात रुपयाचं नाणं कधी आलं मला कळलं नाही. मी गठ्ठ्यावर झोपलो, अक्षरशः. म्हटलं, "अगं, जिंकलो तर मेलो! साडूला मिक्सर लागला म्हणून मी सभा पेटवली. आता मला घरघंटी लागली तर या सोसायटीत मान वर करून फिरता येणार नाही."

"नुसतं बघू या. घ्यायची नाही, बघायची."

"बघितली की तू घेणार."

"तुम्हाला पंधरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी लागतंय, आणि ते तुम्ही अंगाखाली दाबून पडलाय," ती म्हणाली. तिने नाणं पर्समध्ये टाकलं. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

गठ्ठा परत करावा, तर 'डी विंगने उचलली' हे खोटं ठरतं. फाडून टाकावा, तर घरघंटीचा मालकच नाहीसा होतो आणि मी ती गिळली असं ठरतं. गणपती एकीकडे आणि मी दुसरीकडे, दोघंही विसर्जनाची वाट बघत होतो.

शेवटच्या आरतीला सगळे खाली जमले. प्रसाद वाटायच्या आधीच काका उभे राहिले. इस्त्रीचा कुर्ता घातलेला, म्हणजे तयारीनेच आलेले. "खजिनदारसाहेब, एक शंका. घरघंटी कोणाच्या घरी गेली?"

मी गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "माझ्या घरी. म्हणजे असावी. ही खपेनात म्हणून मीच विकत घेतली. खरवडलेली नाहीत, बघा."

"बघा, बघा!" काका गरजले. "फिरून फिरून घरातच!"

"तुम्हीच खरवडा," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

काकांनी स्कूटरची किल्ली काढली. इतक्या आनंदाने मी कोणाला काही खरवडताना पाहिलं नाही, खरवसाचं भांडंसुद्धा. पहिलं कूपन, गाळणी. दुसरं, 'पुन्हा प्रयत्न करा'. मग वाटी. मग गाळणी. प्रत्येक कूपनागणिक काकांचा चेहरा उतरायला लागला आणि माझा खुलायला. गणपतीकडे बघून मी मनात म्हटलं, देवा, तू आहेस. शेवटचं कूपन, साबणाची डबी. मी जवळजवळ नाचलो.

मग माझ्या लक्षात आलं. काकांच्याही आलं. माझ्याकडे नाही, तर आहे कुठे?

"म्हणजे ते कूपन छापलंच नाही!" इंजिनिअर मागून ओरडला. "सगळी लूट आहे!"

मी न जिंकता चोर ठरत होतो. एवढ्यात बायकांच्या खुर्च्यांतून काकू उठल्या. काकांच्याच. "अहो, जरा थांबा," म्हणत त्यांनी कनवटीचं कूपन काढलं. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं. "एक मी घेतलेलं. देवापाशी ठेवलेलं, आरती झाली की उघडायचं म्हणून."

काका हबकले. "तू कूपन घेतलंस? मी एकही घ्यायचं नाही म्हणून सांगितलेलं ना?"

"म्हणूनच देव्हाऱ्यात ठेवलं. तुम्ही तिकडे कधी फिरकत नाही."

त्यांनी नखाने पट्टी काढली. चष्मा विसरलेला, म्हणून कूपन नवऱ्याच्या हातात दिलं. काकांनी वाचलं आणि कूपन माझ्यापुढे धरलं. ते माझ्याकडे असं बघत होते, जणू मीच त्यांच्या घरी चोरीचा माल ठेवलाय.

मी माईकवर घरघंटी जाहीर केली. टाळी एकच वाजली, माझ्या बायकोची. मग मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "वा! दोघांनी भांडणाचं नाटक मस्त जमवलं हं!"

संपलं. पुढच्या सभेत आम्हा दोघांनाही कमिटीतून काढलं. आता आमच्याशी कोणी धड बोलत नाही, त्यामुळे संध्याकाळी बागेतल्या बाकावर आम्ही दोघंच बसतो. आणि रविवारी मी ज्वारीचा डबा घेऊन ए विंगला जातो, कारण काकूंनी बायकोला सांगून ठेवलंय, गिरणीत कशाला जाता. लिफ्टमध्ये परवा इंजिनिअर भेटला. डब्याकडे बघून म्हणाला, "हिस्सा चाललाय वाटतं."

वर पोचलो तर काकांनी दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत डबा हातातून घेतला आणि आत वळून हाक मारली, "अगं, भागीदार आले. बारीक दळायचं की भाकरीचं, विचार त्यांना."