उमा म्हणजे घोडा

मी तिसरीपर्यंत शिकलो. तरी जनावरांची नावं मला चार भाषांत येतात. मराठी आईकडून आली, कानडी सासरवाडीकडून, इंग्रजी पलटणीतून आणि जपानी कैदेतून. यात बढाई नाही. येतात म्हणजे येतात. ही सगळी नावं माझ्याबरोबर बोलणारी घरात एकटी माझी बायको होती आणि ती यंदा माघात गेली. भेटायला येणारे म्हणतात, धीर धरा. धीर मला आहे. बोलायला माणूस नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव माण तालुक्यातलं. मेंढरं राखणारं घर. लढाई चालू झाली तेव्हा साताऱ्याला भरती निघाली. तिथं माझी छाती मोजली, बैलबाजारात बघतात तसे दात बघितले आणि विचारलं, काय येतं? म्हटलं, जनावर कळतं. मला खेचरांवर टाकलं.

इंग्रजी शब्द आम्हाला हवालदार शिकवायचा. म्हणाला, "काऊ म्हंजी गाय."

मी म्हटलं, "काऊ म्हंजी कावळा. माझी आय मला काऊचा घास भरवायची."

"तुज्या आयला पलटणीत कुनी घेतलं न्हाई, म्हनून तिला ठावं न्हाई."

शेळीच्या करडाला इंग्रजीत किड. आमच्याकडं कीड ज्वारीला लागते. असे शब्द मी गिळले. एक मात्र गिळला नाही. एका दारूड्या शिपायाला साहेब 'ब्लॅक शीप' म्हणाला. हवालदारानं फोड करून सांगितलं, काळं मेंढरू, म्हणजे घराण्याचं नाव घालवणारा. मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. काळ्या लोकरीचं घोंगडं रंगवावं लागत नाही. आमच्यात सोयरीक जुळवताना कळपात काळी किती, हे आधी बघत. ज्यांनी मेंढरू फक्त ताटात बघितलं, त्यांनीच हा शब्द काढला असणार.

पुढं मलायात साहेबांनी हत्यारं खाली ठेवली आणि आम्ही जपान्यांच्या हाती गेलो. तिथलं दुःख उगाळत बसत नाही. मार खाल्ला, पोट पाठीला लागलं, तरी जगलो. जनावर कळतं हे मी तिथंही खाणाखुणा करून सांगितलं, म्हणून मला घोड्यांवर ठेवलं. तिथला शिपाई शेतकऱ्याचा पोर असावा, त्याचे हात बघून कळायचं. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, 'उशी'. आण म्हणतोय, एवढं हातवाऱ्यावरून समजलं. मी वाळलं गवत गोळा केलं, चांगली मऊ पेंडी बांधली आणि त्याच्या निजायच्या जागेवर नेऊन ठेवली. त्यानं माझा कान धरला आणि ओढत बैलापाशी नेलं. जपानीत उशी म्हणजे बैल.

दुसऱ्या वेळी तो मांजराकडं बोट दाखवून 'नेको' म्हणाला. मला ऐकू आलं 'नको'. मी मांजराला दगड मारून हाकललं. ते त्याचं लाडकं मांजर निघालं. तेव्हा मला पहिल्यांदा 'बाका' ही शिवी मिळाली. आमच्याकडं प्रसंग बाका असतो, त्यांच्याकडं माणूस बाका असतो, म्हणजे मूर्ख. राग गेल्यावर त्यानं काठीनं मातीत एक घोडा काढला, शेजारी एक हरण काढलं आणि त्यांच्या लिहिण्यात दोन्ही मिळून बाका होतं असं दाखवलं. हरणावर काठी आपटून तो 'शिका, शिका' म्हणत होता. मी म्हटलं, शिकतोच आहे की. तर हरणालाच ते लोक शिका म्हणतात.

आणि घोड्याला उमा.

आमच्या तोंडी उमा म्हणजे पार्वती. पहिले काही दिवस मला त्या नावानं जनावर हाकताना लाज वाटायची. मग सवय झाली. माझ्याकडं एक तांबूस, आजारी जनावर होतं. त्याच्याशी मी दिवसभर बोलायचो. दुसरं होतं कोण?

इकडं गावात माझी आशा सगळ्यांनी सोडली होती. बायकोनं सोडली नव्हती. चार बायका तिचं कुंकू पुसायला आल्या तेव्हा तिनं चुलीतलं पेटतं लाकूड हातात घेतलं. पुन्हा कुणी उंबऱ्यावर आलं नाही. अशी ती.

लढाई संपल्यावर मी आलो तो हिवताप घेऊनच. भर दुपारी तीन घोंगडी अंगावर घेऊन कुडकुडत पडायचो आणि ती कपाळावर ओलं फडकं ठेवून बसायची. ताप उतरला तेव्हा ती घरात नव्हती. तिचं गाठोडंही नव्हतं. माझी आई दारात बसली होती.

"कोन रं ती उमा?"

"काय?"

"तापात त्येच बरळत हुतास. उमा ऊठ, उमा मला सोडून जाऊ नगंस. तुजी बायकू समदं आयकत बसली आन सकाळच्याला निघून गेली."

तिचं माहेर जतच्या बाजूला, कानडी मुलखाला लागून. पायांत बळ आलं तसा मी निघालो. मेव्हणा चार माणसांत ओट्यावर बसला होता.

"या दाजी. एकटंच? उमाबाईस्नी न्हाई आनलं?"

"उमा म्हंजी घोडा हाय."

"आमी घोड्याला घोडा म्हंतो. हितली कानडी मानसं कुदुरे म्हंत्यात. उमा कुठल्या मुलखातला घोडा?"

"जपानी."

ओट्यावरची माणसं खोकला लागेपर्यंत हसली. बायको दाराआडून बोलली, पण भावाशी. "दादा, त्यास्नी सांग, घोड्याला कुनी सोडून जाऊ नगंस म्हनत न्हाई."

"मी म्हंतो," मी म्हटलं. "मेंढरामागं वाढलेला मानूस मी. जनावराला म्हननार न्हाई तर काय ह्या ओट्याला म्हनू?"

मेव्हण्यानं साक्षीदार मागितला. मी म्हटलं, मेढ्याचा एक गडी माझ्याबरोबर कैदेत होता.

"तुमचाच गडी, तुमचंच गाणार."

"येऊ दे त्येला," ती आतून म्हणाली. "पर इचारनार मी. आन तवर ह्येंनी हिरीवर जाऊन बसायचं."

मी तसाच मेढ्याला गेलो. गडी भाताची काढणी टाकून आला. वाटेत मी त्याला काही पढवलं नाही. पढवलं असतं तरी त्याच्या डोक्यात राहिलं नसतं. त्याला ओट्यावर बसवून मी मुकाट्यानं विहिरीवर गेलो. तिथं बसून मला ओट्यावरची डोकी दिसत होती, बोलणं येत नव्हतं. पलटणीत मी तोफा ऐकल्यात. त्या विहिरीवर जेवढा जीव खालीवर झाला तेवढा तोफांनी झाला नाही. ती आली नसती तर मी कैदेतून कशाला आलो होतो?

ओट्यावर काय झालं ते तिनंच मला पुढं कितीतरी वेळा सांगितलं.

तिनं त्याला गुळाचा चहा दिला आणि उमाचं नावही न घेता विचारलं, "भावजी, जपानी लोक बैलाला काय म्हंत्यात?"

"उशी."

"मांजराला?"

"नेको."

"आन घोड्याला?"

गड्यानं डोकं खाजवलं. "घोड्याचं काय ध्येनात न्हाई बगा वैनी. मी लाकडं फोडाय हुतो. घोड्यांकडं तुमचं मालक."

मेव्हण्यानं मांडीवर थाप मारली. "संपलं!"

ती उठून आत निघाली. पाहुण्याच्या हातात अजून चहा. तेव्हा काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, "घोड्यावरनं ध्येनात आलं. एकदा लय गंमत झाली वैनी. एक घोडा दावं तोडून उधळला आन समदं जपानी 'उमा! उमा!' वरडत धावाय लागलं. मला वाटलं, लढाई हरत्यात, म्हनून देवीला हाका मारत्यात. मीबी कुऱ्हाड टाकली, हात जोडलं, डोळं मिटलं. तर घोडा माज्या अंगावरनंच गेला की! ह्यो बगा वण." त्यानं नडगी दाखवली. "पर ती जपान्यांची उमा कंची, आपलीच का दुसरी, त्ये मला आजून कळलं न्हाई."

ती उंबऱ्यातच थांबली. मग भावाला म्हणाली, "दादा, खोटं बोलाय आलेला मानूस सवताला एवढा येडा करून घेत न्हाई." आणि गाठोडं आणायला आत गेली.

घरात पुढं जन्मभर बैल उशी आणि मांजर नेको झालं. जावा-नणंदांना कळायचं नाही आणि आम्ही दोघं हसायचो. आता गोठ्यात मी एकटाच उशी म्हणतो. बैल मान वर करत नाही. त्याला काय, तो मराठी आहे.

त्या दिवशी मात्र हसण्याचं चिन्ह नव्हतं. गड्याला मोटारीत बसवून दिल्यावर आम्ही चालत निघालो. ती पुढं, मी मागं. चुकलं, हा शब्द तिच्या तोंडात नव्हता, तेव्हाही नव्हता आणि शेवटपर्यंत आला नाही. बरंच चालल्यावर तिनं मागं न बघता विचारलं, "आवं, त्यो घोडा हुता का घोडी?"

"जपानीत दोघास्नीबी उमाच म्हंत्यात."

"जपानीतलं म्या इचारलं न्हाई."

घोडा म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण मी खरं तेच बोलणारा.

"घोडी."

ती थांबली. वळून माझ्याकडं बघितलं आणि एकदम बांधावर बसून हसायला लागली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. मी आल्यापासून तिला हसताना बघितलं नव्हतं.

"म्हंजी शेवटी बाईच निघाली की वो!" ती म्हणाली. मग डोळे पुसून उठली, गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं आणि हात हलवत मोकळी पुढं चालू लागली.