माझं मीटर दागिन्यांशेजारी

मैत्रिणींनो, खरं सांगते, आज सकाळपासून माझा नुसता जळफळाट झालाय.

कोल्हारात आम्ही दोघी जावा मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर पालक लावतो. बोअर एकच, खतही एकच. तरी माझा पालक पिवळा आणि धाकट्या जावेचा, मनीषाचा, हिरवागार! पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहा असला तरच झाड खत नीट उचलतं. माझं मीटर तर रोज सहा दाखवतं. मनीषाचं मीटर मात्र त्याच बोअरच्या पाण्याला आठ दाखवतं, म्हणून ती त्यात आम्ल घालून ते सहावर आणते. मग हिचंच मीटर खोटं असणार! तेच दाखवून द्यायला माझं मीटर आणि माझ्या टाकीतलं पाणी घेऊन तिच्याकडे गेले.

त्या पाण्यात दोन्ही मीटर बुडवली. माझं सहा, तिचं आठ. तिने पीएच तपासायचे थेंब टाकले, तर पाणी निळं झालं; सहा असतं तर पिवळं झालं असतं. म्हणजे आठच खरं.

"ताई, मीटर ठेवता कुठं?"

"रोज धुऊन, पदराने कोरडं पुसून कपाटात. दागिन्यांशेजारी," मी तोऱ्यात सांगितलं.

"अवो, ह्याचं टोक वलंच ठेवायचं असतंय. वाळलं की कायबी दाखवतं."

हसली असती तर बरं झालं असतं. उलट तिने तिच्या बाटलीतलं, टोक ओलं ठेवायचं द्रावण माझ्या मीटरच्या टोपणात ओतून दिलं. वर पालकाची जुडी हातात ठेवली.

दुपारी नवऱ्याने भाजीचा घास घेतला. "लई भारी! सुधारला की आपला पालक."

"व्हय," मी म्हणाले.

तुम्ही खरं सांगितलं असतं का?