मामाजींची मोटार आणि माझी बी.एस्सी.

माझ्या सासऱ्यांची मोटार बिघडली होती हे खरं आहे. पण मी हात लावेपर्यंत ती चालत होती.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, सौंसरचे. संत्र्यांचा बगीचा आणि थोडा कापूस. देश स्वतंत्र झाला तेव्हा छिंदवाड्याचा एक गोरा साहेब सामान विकून विलायतेला निघाला. लोकांनी त्याच्या खुर्च्या घेतल्या, कपबशा घेतल्या, एकानं कुत्रा घेतला. मामाजी पोचले उशिरा. तोवर फक्त मोटार उरली होती. (कुत्रा मिळाला असता तर ही गोष्ट घडलीच नसती!)

मी पांढुर्ण्याला शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होतो. नागपूरची बी.एस्सी. होती. बी.एस्सी. झालेल्या माणसाला जगातली कोणतीही वस्तू दुरुस्त करता येते, अशी मामाजींची ठाम समजूत. ती मी कधी मोडली नाही. सासरवाडीत फुकट मिळणारा मान कोण सोडतो?

त्या वर्षी माझी मेहुणी शालू हिला पाहायला बैतूलकडची मंडळी येणार होती. मुलगा वसंतराव, तहसील कचेरीत नोकरीला. त्या दिवसांत नव्या राज्यांच्या सीमा आखल्या जात होत्या. आपला जिल्हा नागपूरकडे राहतो की भोपाळकडे जातो, यावर पानठेल्यापासून देवळापर्यंत वाद चालले होते. मुलाची बदली कुठे होईल ते सांगता येत नव्हतं. पण स्थळ चांगलं होतं. दुपारच्या गाडीनं पाहुणे पांढुर्ण्याला उतरणार, तिथून मामाजी त्यांना मोटारीनं सौंसरला नेणार, असं ठरलं होतं. पाहुण्यांना मोटारीतून नेण्याचा थाट हीच मामाजींची अर्धी तयारी होती.

आदल्या दिवशी मामाजी आमच्याकडे आले. सोबत शालू; तिला बहिणीबरोबर लुगडं घ्यायचं होतं. मोटार आली ती ठसकत आली. फट्-फट्-गप्-फट्, आणि प्रत्येक 'गप्'ला आतले दोघं माना हलवत होते, जणू आम्ही काही विचारलं होतं आणि ते हो म्हणत होते.

"जवाईबापू, हे गाडी काहून अशी करून राहिली?" मामाजींनी विचारलं.

मी बॉनेट उघडलं. आत पाहिलं. 'हं' म्हणालो. (हे 'हं' मी वैद्यांकडून शिकलो होतो.) मग सांगितलं, "प्लगच्या वायरी गेल्या, मामाजी. ठिणगी पोचतच नाही."

आणि सांगायला आनंद वाटतो, की हे निदान बरोबर होतं! माझ्या हातून त्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट बरोबर झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. काढल्यावर इंजिन अडखळलं, तर तो प्लग काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही, तर तोच चोर. मोटारीच्या एका जुन्या पुस्तकात असं लिहिलं होतं. वायर हातानं काढू नये, हे पुढच्या पानावर होतं.

पहिल्या वायरीला हात लावला आणि खांद्यापर्यंत मुंग्या झणझणल्या. तोंडातून असा एक शब्द निघाला, की तो वर्गात कोणी उच्चारला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मामाजींनी तो ऐकला नाही असं दाखवलं. शालू मात्र पदर तोंडात कोंबून आत पळाली. शेवटी बायकोनं, सुमननं, स्वयंपाकघरातून लाकडी चाटू आणून दिला.

"घ्या. अन् धुवून देजा," ती म्हणाली.

चाटूनं चोर सापडला. तिसरी वायर काढली काय, ठेवली काय, इंजिनाला पर्वाच नव्हती. पण खात्री हवी. फुटक्या वायरीतून ठिणगी बाहेर गळते, ती अंधारातच दिसते. अंधार कुठून आणायचा? मी घोंगडी मागवली. मामाजी आणि मी, दोघं बॉनेटवर वाकलो आणि डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली. आत निळ्या ठिणग्या अशा नाचत होत्या, की मामाजी दबक्या आवाजात म्हणाले, "बाप्पा! दिवाळीच आहे अथी तं!"

तेवढ्यात शेजारच्या काकूंचा आवाज आला. "काहो सुमनबाई, तुमचे मालक अन् बाबा मोटारीसंगं वाफारा घेऊन राहिले काय? सर्दी कोणाले झाली, गाडीले की त्यायले?"

नव्या वायरी नागपूरहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मागवल्या आणि सकाळी त्या आल्याही. बेत असा: मी वायरी बसवायच्या, मामाजींनी शालूला सौंसरला सोडून दुपारच्या गाडीला परत यायचं. सौंसरला मामीजी पोह्यांची तयारी करून बसल्या होत्या.

जुन्या वायरी मी सगळ्या एकदम उपटल्या.

मामाजी म्हणाले, "जवाईबापू, खूण करून ठेवली ना? कोणती कुठली?"

मी हसलो. अजून आठवतं, किती शहाणं हसू होतं ते! "मामाजी, चार वायरी, चार प्लग. यात खूण काय करायची?"

डिस्ट्रिब्यूटर म्हणून एक काळी टोपी असते, तिच्यातून चारही प्लगांना ठिणगी वाटली जाते. मी टोपीवरच्या पहिल्या भोकापासून पहिल्या प्लगला, दुसऱ्यापासून दुसऱ्याला, तिसऱ्यापासून तिसऱ्याला अशा वायरी लावल्या. शाळेची प्रार्थनेची रांग इतकी सरळ कधी लागली नव्हती.

"मारा हँडल!"

मामाजींनी मोटारीच्या तोंडाशी हँडल घालून जोरात फिरवलं. धडाम्! मागच्या नळीतून काळा धूर, हँडलचा उलटा झटका, मामाजींची टोपी तुळशीवृंदावनात. पुन्हा हँडल. पुन्हा धडाम्! समोरचा शिंपी कात्रीसकट रस्त्यावर धावत आला. "काय झालं जी? निकाल लागला काय? भोपाल की नागपूर?"

"अजून नाई," मामाजी टोपी झटकत म्हणाले. "जवाई पाहून राहिले."

मी खरंच पाहत होतो. चार वायरी किती प्रकारे लावता येतील, याचं गणित मी खडूनं अंगणातल्या फरशीवर मांडलं. उत्तर बरोबर आलं. मोटार सुरू झाली नाही. ज्या ज्या प्रकारानं वायरी लावून पाहिल्या, त्या प्रत्येकाला धडाका निराळा. एकदा तर नुसतंच 'फुर्र' झालं, आणि शिंप्यानं टाळ्या वाजवल्या. दरम्यान सौंसरकडे जाणारी सर्व्हिस मोटार, म्हणजे प्रवाशांची बस, निघून गेली. मामाजी हँडल मारून थकले, तेव्हा शालूनं पदर खोचला आणि हँडल हातात घेतलं. सकाळीच नेसलेलं नवं लुगडं तिच्या अंगावर होतं. थोड्याच वेळात त्याचा रंग सांगता येईना.

आणि पाहुण्यांची गाडी वेळेवर आली! (आमच्या स्टेशनवर असं सहसा होत नसे.) घ्यायला कोणी नाही असं पाहून वसंतराव आणि त्यांचे वडील बैलगाडी करून पत्ता विचारत थेट आमच्या दारात.

मुलाचे वडील उतरले, धूर पाहिला, मला पाहिलं. "रामराम. मुलगी सौंसरले आहे ना?"

"हो हो, सौंसरलाच!" मी म्हणालो. आता अशा अवतारात तिला कसं दाखवायचं?

तेवढ्यात मोटारीपुढून आवाज आला, "भाऊजी, घुमवू काय आता?" आणि शालू उभी राहिली. कपाळावर ग्रीस, नाकावर काजळी.

"हे कोण?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"ही... शेजारची," मी म्हणालो.

मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी पदवी तिथंच परत गेली. मग ते पुढे झाले आणि शांतपणे म्हणाले, "माही पोरगी आहे जी. शालू. तुमी जिले पाहाले आले, ते हेच. गाडी बिगडली, म्हणून हात लावून राहिली."

सुमन दाराआड देवाचं नाव घेत होती. शालूची मान खाली. तिचं ठरत आलेलं लग्न माझ्या शहाणपणापायी मोडणार होतं, आणि सौंसरला मामीजींना तोंड दाखवायचं होतं ते वेगळंच.

वसंतरावांनी कोट काढला, घडी करून बैलगाडीवर ठेवला. "क्रम चुकला असन," ते म्हणाले. "आमच्या काकाच्या जुन्या मोटारीचं असंच झालं होतं. प्लग काढा. मी बोट ठेवतो, यायनं हँडल हळू घुमवावं. जिथून हवा बाहेर येते, ठिणगी तिथंच पाहिजे."

शालूनं हँडल हळूहळू फिरवलं. वसंतराव प्लग काढलेल्या भोकांवर अंगठा धरून कान देऊन उभे. 'फुस्!' "हा पहिला." थोडं फिरवलं. 'फुस्!' "आता तिसरा."

"तिसरा?" मी ओरडलो. "दुसरा कुठं गेला?"

आणखी दोन 'फुस्' झाले. "त्याची पाळी शेवटी," शालूच म्हणाली. इंजिनात हजेरीपटाप्रमाणे नंबर लागत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलाच्या वडिलांना वाटलं, आता आलोच आहोत तर विचारून घ्यावं. "काय व बाई, सयपाक येते?"

"येते जी," शालू हँडल फिरवत म्हणाली.

"भरतकाम?"

"बाबा, थांबा ना जरा!" वसंतराव म्हणाले. "फुस् ऐकू नाई येऊन राहिलं."

मीही मदत म्हणून एक वायर धरली. वसंतराव म्हणाले, "मास्तर, तुमी बसा." फार आदरानं म्हणाले. मी बसलो.

प्लग बसले, वायरी लागल्या. शालूनं हँडलचा एकच झटका दिला आणि मोटार अशी गुणगुणू लागली, की मामाजींचे डोळे भरून आले. वसंतरावांनी खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढून शालूपुढे धरला. "नाकावर आहे," ते म्हणाले.

"तुमच्याही," ती म्हणाली आणि हसली. मुलाच्या वडिलांनी आकाशाकडे पाहिलं आणि भरतकामाचा विषय सोडून दिला.

मोटार सौंसरला गेली. पाहुणे, मामाजी, शालू, सुमन, सगळे मावले. मला जागा उरली नाही. मी त्याच बैलगाडीनं मागून निघालो आणि पोचलो तेव्हा पोहे संपले होते, लग्न ठरलं होतं. मामीजींनी माझ्यासाठी साखर तेवढी राखून ठेवली होती. ती मी आनंदानं खाल्ली. वसंतराव पुढे भोपाळला बदलून गेले. संसार उत्तम झाला. प्लगच्या भोकावर अंगठा धरून जमलेलं लग्न मी तरी दुसरं पाहिलं नाही.

दोनेक वर्षांनी धाकट्या मेहुणीला पाहायला मंडळी येणार होती. तेव्हा मामाजींनी सौंसरहून माणूस पाठवला. त्यानं निरोप जसाच्या तसा सांगितला: "मास्तर, तुमाले आदल्या दिवशीच बलावलं आहे. मोटार एकदम चांगली चालून राहिली. तेवढी पाहून द्या म्हणे!"